शाळेआधीचा समाज

तारापूर आणि वसई ही दोन्ही ठाणी पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांतातली. दोन्हीकडे तट होता, तटाच्या आत चर्च होते, दोन्हीकडचे पाद्री गोव्याच्या आज्ञेत होते. चिमाजी अप्पांच्या फौजेने 1739 च्या जानेवारीत तारापूर घेतले, बाजी भिवराव रेठरेकर तिथेच कामी आले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. चार महिन्यांच्या अंतराने दोन्हीकडची सत्ता संपली; पुढची कथा मात्र सारखी नाही. वसईत नंदाखाल, निर्मळ, गास, गिरीज, पापडी ही गावे आजही कॅथलिकांनी गजबजलेली आहेत. तारापूर, चिंचणी, डहाणू या पट्ट्यात पोर्तुगीज काळातली सलग कॅथलिक गावे उरली नाहीत. आज बोईसर-तारापूर भागात रविवारी मिस्सेला जाणारी बहुतेक कुटुंबे गेल्या साठेक वर्षांत नोकरीधंद्यासाठी इथे आलेली आहेत. एकच राजा, एकच पंथ, एकच पराभव. तरी एका जागी श्रद्धा रुजून राहिली आणि दुसऱ्या जागी ती तटाबरोबर ओसरली. याचे कारण शोधणे हा इतिहासाचा छंद नाही. या पट्ट्यातल्या धर्मग्रामांनी आज आपला पैसा, माणसे आणि जीव कशात घालावा, याचे उत्तर त्या कारणात आहे.

वसईत शिक्षणाची मोठी केंद्रे होती, म्हणून तिथला धर्म टिकला, असे एक उत्तर चटकन सुचते. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांचे कॉलेज होते. फ्रान्सिस्कन अंतोनिओ द पोर्तो यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर मंडपेश्वरला शिक्षणसंस्था उभारली. वसईचा गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या हाताखाली शिकला, पुढे जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर मेला. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून चर्च त्याला मान देते. पण याच पुराव्याकडे नीट पाहिले तर तो उलट्या बाजूने बोलू लागतो. 1739 नंतर ती कॉलेजे राहिली नाहीत. किल्ल्यातल्या त्यांच्या भिंतींवर आज वडाची मुळे उतरली आहेत आणि मंडपेश्वरचेही अवशेषच आहेत. युरोपीय धर्मगुरू गेले, राजाचे अनुदान गेले, मोठ्या शाळा गेल्या. गोमंतकीय धर्मगुरूंनी उरलेली चर्चे सांभाळली, पण नियमित शालेय शिक्षण वसईच्या शेतकऱ्याच्या दारी यायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. म्हणजे ज्या काळात धर्माची खरी कसोटी होती, नेमक्या त्याच काळात शाळा नव्हती. आणि त्याच काळात वसईचा कॅथलिक समाज टिकला.

मग त्याला टिकवले कशाने? माझे उत्तर असे की वसईत धर्म आला तो गावाच्या अंगाने. इथे बाप्तिस्मा घेतला तो जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांनी, केळी-पानवेलीच्या वाड्या कसणाऱ्या कुटुंबांनी, आणि बऱ्याच जागी सबंध वस्त्यांनी. त्यात जबरदस्ती किती, लाभाची आशा किती आणि मनोमन पटलेले किती, याचा हिशेब वेगळा आहे. त्याकडे पुढे येतो. पण धर्म बदलला तरी त्यांनी बोली बदलली नाही, वाडी सोडली नाही, लग्नातले कित्येक विधी सोडले नाहीत. उत्तर वसईतले कुपारी कॅथलिक आणि हिंदू सामवेदी ब्राह्मण आजही एकच सामवेदी बोली बोलतात; वाडवळांची बोली तशीच दोन्ही धर्मांच्या घरांत नांदते. वाडीच्या तोंडाशी उभ्या क्रुसापुढे म्हटलेली जपमाळ, बाप्तिस्म्याला मूल हातावर घेणारे धर्ममाता-धर्मपिता, मयताच्या घरी जमणारे शेजारी, सणाला एकत्र शिजणारे अन्न, पूर्व भारतीय ख्रिस्ती लग्नात विहिरीवरून वाजतगाजत आणले जाणारे उंबराचे पाणी: या गोष्टींना ना पगारी शिक्षक लागत होता ना सरकारी मान्यता. तारापूरकडे ही वीण कधी विणलीच गेली नाही. तिथला ख्रिस्ती धर्म बऱ्याच अंशी ठाण्याचा धर्म होता. शिपाई, अंमलदार, जमीनदार आणि त्यांच्या आश्रयाची माणसे यांच्याभोवती तो उभा होता. आश्रयदाता गेला तसे छत्र गेले. 1803 च्या सुमारास पेशव्यांनी तारापूरचा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांना इनाम दिला, आणि त्या तटाच्या आतल्या चर्चचे नाव घेणारेही कोणी उरले नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. वसई आणि साष्टीत माणसेच जास्त होती, जमीन सुपीक होती, वसईच्या शरणागतीच्या तहात काही चर्चना अभय मिळाले होते. तारापूरला यातले काही नव्हते. तेव्हा हा सगळा भूगोलाचा आणि संख्येचा खेळ आहे, वीण वगैरे नंतर शोधलेली कारणे आहेत, असे कोणी म्हणेल. संख्येचे वजन मी नाकारत नाही. पण तहाचे अभय मिळाले ते भिंतींना. त्या भिंतींत पुढची दीडशे वर्षे रविवारी कोण येत राहिले, हा प्रश्न तहाने सुटत नाही. सत्ता बदलल्यावर जुन्या धर्मात परत जाण्याची वाट उघडी होती आणि काहींनी ती धरलीही. जे राहिले त्यांना राहण्यात कसलाही लाभ नव्हता. लाभ नसताना माणूस ज्या गोष्टीत राहतो ती त्याच्या नात्यागोत्यांत, शेजारात आणि भाषेत मुरलेली असते. संख्या मोठी होती हे खरे, पण ती संख्या गावांची होती म्हणून टिकली. विखुरलेल्या नोकरदारांची असती तर टिकली नसती.

वसईतली आधुनिक शाळा या समाजाच्या पाठीवर उभी राहिली, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. 1918 साली मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथलिकांची पतपेढी निघाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. सावकाराच्या वहीतून शेतकऱ्याची वाडी सोडवल्याशिवाय त्याचे पोर शाळेत टिकणार नाही, हे त्या काळच्या धर्मगुरूंना उमगले होते. मग चर्चशेजारी प्राथमिक शाळा, मग हायस्कुले, पापडीचे थॉमस बॅप्टिस्टा, पुढे वसईचे संत गोन्सालो गार्सिया कॉलेज. या शाळांतून डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले तसे मराठीचे लेखकही निघाले. सिसिलिया कार्व्हालो यांची कविता आणि ललित गद्य या मातीतले आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दोन तपे ‘सुवार्ता’ मासिक सांभाळले, हरित वसईच्या लढ्यात पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरले आणि 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठी साहित्याच्या त्या व्यासपीठावर एक कॅथलिक धर्मगुरू बसला, याचे श्रेय शाळेला आहेच. पण त्या शाळेत जी मराठी शिकवली गेली ती मुलाच्या घरातून, क्रुसापुढच्या गाण्यांतून आणि धर्मग्रामातल्या बोलण्यातून आधीच आलेली होती. शाळेने तिला शुद्धलेखन दिले, वाचन दिले, जग दिले. जीव तिला समाजाने दिला होता.

आता बोईसरकडे वळू. इथे क्रम उलटा झाला आहे आणि त्यात कोणाचा दोष नाही. 1969 साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, पाठोपाठ बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली, आणि केरळ, गोवा, मंगळूर, तमिळनाडू, झारखंड इथून माणसे आली. वसईचे कॅथलिकही सरकत सरकत उत्तरेला आले. अणुऊर्जेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी त्यांच्या खात्याच्या शाळा निघाल्या. बाकीच्यांनी जिथे मिळेल तिथे प्रवेश घेतला. वसई धर्मप्रांत 22 मे 1998 रोजी मुंबईपासून वेगळा झाला आणि वसईपासून तलासरी-मोखाड्यापर्यंतचा सगळा मुलूख त्याच्याकडे आला. त्याआधीच, 1988 साली, सिरो-मलबार पंथाच्या लोकांसाठी कल्याणला वेगळा धर्मप्रांत झाला होता. म्हणजे एकाच औद्योगिक नगरात कॅथलिक माणूस मराठीत, इंग्रजीत, कोकणीत, मल्याळीत, हिंदीत प्रार्थना करतो, शेजाऱ्याचे गाव त्याला ठाऊक नसते, आणि कंपनी बंद पडली की तो पुढच्या वसाहतीत जातो. अशा ठिकाणी धर्मग्रामाची शाळा हीच सगळ्यांना जोडणारी एकमेव जागा ठरते. पालक म्हणून भेट होते, फीच्या रांगेत ओळख होते. त्यामुळे शाळा उत्तम चालली म्हणजे धर्मग्राम उत्तम चालला, असा समज नकळत घट्ट होतो. हा समज मला धोक्याचा वाटतो, कारण तो तारापूरच्या किल्ल्याचीच चूक नव्या रूपात करतो. संस्था भक्कम आणि तिच्याभोवतीची माणसे तात्पुरती, अशी रचना पुन्हा उभी राहते.

चर्चचा स्वतःचा कायदाही शाळेला हे स्थान देत नाही. 1983 च्या कॅनन लॉमध्ये धर्मग्रामाची व्याख्या श्रद्धावंतांचा निश्चित समुदाय अशी आहे. इमारत किंवा संस्था म्हणून ती केलेली नाही. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असे तो कायदा सांगतो. मुलांच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी आणि पहिला हक्क तो आईवडिलांना देतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 या एकाच दिवशी जाहीर केलेल्या दस्तऐवजांत हे दोन होते: एक ख्रिस्ती शिक्षणावरचा, दुसरा इतर धर्मांशी असलेल्या नात्यावरचा. हे दोन एकत्र वाचावेत असे मला नेहमी वाटते. पहिल्यात शाळेची थोरवी आहे. दुसऱ्यात इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असा निर्वाळा आहे. बोईसरच्या वर्गात मांगेला कोळ्याची मुलगी, उत्तर प्रदेशातल्या कामगाराचा मुलगा, वारली पाड्यावरचे पोर आणि केरळी कॅथलिक एका बाकावर बसतात तेव्हा त्या दोन दस्तऐवजांची एकत्र परीक्षा होते.

इथेच सर्वांत जुना आक्षेप उभा राहतो: मिशनची शाळा हे धर्मांतराचे साधन आहे. याला उत्तर देताना इतिहास झाकून चालणार नाही. अनाथ मुले धर्मगुरूंच्या ताब्यात देऊन त्यांना ख्रिस्ती करावे, असे हुकूम पोर्तुगीज राजसत्तेने सोळाव्या शतकात काढले होते, आणि 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन आले. हा अन्याय होता आणि या पट्ट्यातल्या माणसांना तो आठवत असेल तर त्यांचे काही चुकत नाही. पण आजच्या शाळांविषयी बोलायचे तर पुरावा आजचा हवा. 1951 च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती 2.3 टक्के होते, 2011 सालीही 2.3 टक्केच होते; महाराष्ट्रात तर एक टक्क्याहूनही कमी, सुमारे 10 लाख 80 हजार. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2021 च्या अहवालात ख्रिस्ती शाळांतले सुमारे 74 टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत असे नोंदवले. तीन पिढ्या इतर धर्मांची एवढी मुले या वर्गांत बसली आणि प्रमाण हलले नाही, तर ज्याला साधन म्हणतात ते साधन तरी नाही. एप्रिल 2024 मध्ये भारतीय बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना सूचना केली की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि संविधानाची उद्देशिका मुलांकडून वाचून घ्यावी. काहींना ती घाबरून केलेली तडजोड वाटली. मला ती उशिरा आलेली स्पष्टता वाटते. शाळेला धर्मशिक्षणाच्या ओझ्यातून मोकळे केले तर शाळा शाळेसारखी राहते आणि धर्मशिक्षणाला त्याच्या खऱ्या जागी, घरात आणि समूहात, जावे लागते.

उलट बाजूने कॅथलिक पालक विचारतात: वर्गातली तीन चतुर्थांश मुले आमची नाहीत, धर्मशिक्षणही वर्गाबाहेर न्यायचे, मग या शाळेसाठी आम्ही वर्गणी का द्यायची? प्रश्न प्रामाणिक आहे. वसईचा अनुभव त्याला उत्तर देतो. तिथल्या समाजाने आपली श्रद्धा शाळेच्या हवाली केली नव्हती, म्हणूनच त्याला शाळा सगळ्यांसाठी उघडता आली. ज्याच्या घरात जपमाळ होते, ज्याचा लहान ख्रिस्ती समूह महिन्याला एकदा कोणाच्या तरी खोलीत जमतो, ज्याच्या आजारपणात सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचा माणूस दार ठोठावतो, त्याला आपल्या मुलाच्या बाकावर कोण बसले आहे याची धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती ज्याच्या घरी यांतले काहीच उरलेले नाही त्याला. तो मग आपल्या वाट्याची सगळी श्रद्धा शाळेच्या वेळापत्रकातल्या एका तासात शोधतो, आणि तो तास कधीच पुरत नाही.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र गरिबांचा आहे, आणि त्याला माझ्याकडे बचाव नाही. बालहक्क आयोगाच्या त्याच अहवालात अल्पसंख्याक शाळांमध्ये सामाजिक-आर्थिक दृष्ट्या वंचित मुले फक्त 8.76 टक्के असल्याचे म्हटले आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांनी प्रवेशाच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या आहेत. 2014 च्या प्रमती खटल्यातल्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळले. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने या सवलतीविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. निकाल काय लागायचा तो लागो. संविधानाच्या कलम 30 ने दिलेला हक्क हा समाजाला आपली ओळख जपता यावी म्हणून आहे. पाड्यावरच्या मुलाला दाराबाहेर ठेवण्यासाठी तो वापरला गेला तर कायद्याने बरोबर आणि सुवार्तेने चूक, अशी विचित्र अवस्था होते. पालघर जिल्ह्यात हे अधिकच बोचते. ज्या तलासरी तालुक्यात 1945 साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, त्याच तालुक्यात जेझुइटांनी ज्ञानमाता सदनात आदिवासी मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा चालवली. त्या कामामागे फीचे गणित नव्हते. बोईसरच्या रुळांजवळची इंग्रजी शाळा आणि तलासरीच्या डोंगराजवळचे मिशन एकाच धर्मप्रांतात आहेत. पहिलीने दुसऱ्याकडे पाहून आपला हिशेब तपासला पाहिजे.

खर्च कुठून आणायचा, असे विचारले जाईल. शिक्षकांचे पगार, इमारतीची डागडुजी, प्रयोगशाळा यांना पैसा लागतो आणि विनाअनुदानित शाळेला तो फीतूनच येतो; हे खरे आहे. पण 1918 साली वसईच्या केळी पिकवणाऱ्यांकडेही पैसा नव्हता. त्यांनी थोडा थोडा जमवला आणि त्यातून पतपेढी झाली. बोईसरच्या कॅथलिकांत इंजिनिअर आहेत, कारखान्यांचे सुपरवायझर आहेत, परदेशी जहाजांवर आणि आखातात काम करणाऱ्यांची कुटुंबे आहेत. धर्मग्रामाची अर्थसमिती सणाच्या रोषणाईचा आणि मंडपाचा खर्च मांडते, तसाच काही मुलांच्या संपूर्ण शिक्षणाचा खर्च मांडू शकते.

भाषेचा प्रश्नही मी यापासून वेगळा मानत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राचोलला छापले गेले ते मराठीत. परदेशातून आलेल्या जेझुइटाला कळले होते की इथल्या माणसाचा देव इथल्या ओवीत बोलला पाहिजे. 1903 साली जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ काढले तेही मराठीत. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली तेव्हा वसईच्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा वेदीवरचे शब्द कळले. आज बोईसरमध्ये मराठी मिस्सेला गर्दी कमी आणि इंग्रजी मिस्सेला जास्त असेल, तर तो पालकांच्या आकांक्षेचा भाग आहे आणि आकांक्षेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. इंग्रजी माध्यम हवेच. पण वारली मूल, मांगेला मूल आणि झारखंडचा कामगार यांना जोडणारी इथली भाषा मराठीच आहे, आणि ज्या धर्मग्रामाला तिच्यात प्रार्थना, गाणे आणि भांडण करता येत नाही तो या किनाऱ्यावर पाहुणाच राहील. केरळी किंवा गोमंतकीय कुटुंबाने आपली भाषा सोडावी असे मी म्हणत नाही. त्यांच्या मुलांनी शेजारच्या पाड्यावर नाताळच्या दिवसांत जाऊन मराठीत गावे, आणि पाड्यावरच्यांनी काय ऐकवले ते ऐकून परत यावे.

बोईसर, पालघर, डहाणूच्या धर्मग्राम परिषदांना म्हणून एवढीच विनंती आहे. पहिलीच्या प्रवेशात शेजारच्या पाड्यांवरच्या मुलांसाठी किती जागा फीशिवाय द्यायच्या, हे न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता येत्या वर्षाच्या प्रवेशापूर्वी ठरवावे, आणि तो आकडा चर्चच्या दारावरच्या फलकावर मराठीत लिहावा.